अण्णांचा उजवा पाय

अण्णा : आणि इंजिनाचं हेड किती घासलंस?

मिस्त्री : जेवढं घासायला हवं तेवढं.

अण्णा : माप सांग मला. ट्रक धुवायला नव्हता दिला तुझ्याकडे.

मिस्त्री : नखाच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. त्याच्या पुढे गेलो असतो तर गॅस्केट उडालं असतं, आणि मग तुम्ही मला उडवलं असतं.

अण्णा : कार्बोरेटर?

मिस्त्री : दोन बसवले. आधी एकच होता, तोही मधोमध. सहा सिलिंडर एका रांगेत बसलेले आणि वाढणारा एकटा. मधल्यांची पोटं भरायची, टोकाचे दोघे उपाशी. आता तिघांना एक, तिघांना एक. सायलेन्सरकडे जाणारा पाइपही तसाच तोडून त्याचे दोन केले. धूर कोंडायचा, तो आता कोंडत नाही. वहिनी, तुमची ही म्हातारी गाडी चढावर गाणी म्हणत जाईल बघा.

अण्णा : गाणी नकोत. थांबली नाही म्हणजे झालं.

सून : पण मिस्त्री, एवढी जुनी गाडी. झेपेल का तिला हे?

मिस्त्री : झेपेल. मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, हे इंजिन काढू, डिझेलचं टाकू, रोजची कटकट मिटेल. पण अण्णांपुढे आपलं काय चालतं!

अण्णा : दुसऱ्या इंजिनानं चढ चढला तर त्यात काय मोठं? जी तिथं थांबली तीच वर गेली पाहिजे. आणि माझ्या हातून गेली पाहिजे. सोमवारी विटा भरायच्या, मी नेणार.

सून : तुमच्याच हातून कशाला, अण्णा? मला येते की चालवता. ह्यांनी शिकवलीय मला.

अण्णा : तुला सपाटीवर येते. तो चढ पाहिलायस का तू कधी?

सून : पाहिलाय. ह्यांना आणायला गेले होते तेव्हा पाहिला.

मिस्त्री : अण्णा, राग मानू नका, पण पायाचं काय? तुम्हीच म्हणालात, उजव्या पायात जोर राहिला नाही.

अण्णा : म्हणून तर तुझ्या दारात आलो. त्या दिवशी मी पाय दाबला. आणखी दाबला. जाईना म्हणजे जाईना. गुडघ्याखाली नुसतं लाकूड. गाडी घुसमटली, थांबली, मागं यायला लागली. ब्रेक धरेना. भरल्या गाडीला त्या चढावर ब्रेक कुठला धरायला? मागून पोराचा आवाज आला, "अण्णा, दाबा! अण्णा, दाबा!" मी दाबतच होतो रे.

सून : पुरे ना, अण्णा.

अण्णा : तेव्हापासून जिना चढतानाही मी ह्या पायावर भार टाकत नाही. डॉक्टर म्हणतो पायाला काही झालेलं नाही. त्याला काय कळतंय? तो काय बसला होता का माझ्या शेजारी? आता पाय कमी देतो, तर इंजिनानं जास्त द्यावं. अर्धा पाय दाबला तरी ओढली पाहिजे. एवढं साधं काम सांगितलंय तुला.

मिस्त्री : केलंय, अण्णा. फक्त पाइपाच्या जोडाला थोडा वेळ वाळू द्या. तोवर समोर चहा सांगितलाय, घेऊन या. इथं पेट्रोलचा वास डोक्यात जातो.

अण्णा : पेट्रोलच्या वासातच जन्म गेला माझा. येतो. तोवर काही हलवू नकोस.

(अण्णा काठी टेकत बाहेर जातात.)

मिस्त्री : वहिनी, तुम्ही थांबा. जाऊ नका.

सून : काय झालं? गाडीत काही बिघाड आहे का?

मिस्त्री : गाडीत नाही. कसं सांगू तेच कळत नाहीये. सकाळपासून खिशात घेऊन फिरतोय.

सून : काय घेऊन?

मिस्त्री : हे. दोन कार्बोरेटर बसवले की दोन्हींच्या झडपा एकदम उघडतात का ते बघावं लागतं. त्यासाठी एक्सिलेटर तळाला टेकवायचा. मी पेडलवर वीट ठेवली, तरी ते पुरतं खाली जाईना. म्हटलं रॉड वाकला असेल. खाली आडवा होऊन पाहिलं, तर फळीखालून हा ठोकळा, तारेनं बांधलेला. पेडल अर्ध्याच्या थोडं पुढं आलं की ह्याच्यावर आपटायचं. मग वर पैलवान उभा केला तरी पुढं जायचं नाही.

सून : म्हणजे अण्णांचा पाय...

मिस्त्री : पायाला धाड भरलेली नाही. डॉक्टर खरं बोलला.

सून : आणि इंजिन?

मिस्त्री : उघडलं तेव्हा सहाच्या सहा ठणठणीत होते. मी केलेलं वाया नाही गेलं, आता जास्तच ओढेल. पण खरं विचाराल तर त्या दिवशी हे लाकूड नसतं तर म्हातारी आहे त्या इंजिनावर वर गेली असती. विटांसकट.

सून : दाखवा इकडे.

मिस्त्री : कुणा वैऱ्यानं केलं असेल असं आधी वाटलं मला. पण काम किती नीट आहे बघा. कडा घासल्यात, तार गुंडाळून टोक आत वळवलंय, कुणाला लागू नये म्हणून. वैरी एवढी काळजी घेत नाही.

सून : हा निळा रंग आमच्या स्टुलाचा आहे.

मिस्त्री : कुठल्या?

सून : स्वयंपाकघरातल्या. पाय मोडला म्हणून ह्यांनी नेला, म्हणाले जोडून आणतो. मी आठवडाभर डोकं खाल्लं त्यांचं, स्टुलाचं काय झालं, स्टुलाचं काय झालं. शेवटी म्हणाले, "दुसरं आणू, तो पाय कामी आला." आणि हसले.

मिस्त्री : पण त्यानं हे का करावं? स्वतःच्या गाडीला?

सून : अण्णांचा एक डोळा जवळजवळ गेलाय, मिस्त्री. दुसराही धड नाही. चौकात त्यांनी हातगाडी उडवली ना, ती त्यांना दिसलीच नव्हती. नशीब, हातगाडीवाला बाजूला उभा होता. घरी येऊन मात्र म्हणाले, तोच मध्ये आला. हे रात्रभर तळमळत होते. मी म्हटलं, सांगा ना त्यांना, बास झालं आता, गाडी सोडा. म्हणाले, "माझी जीभ नाही रेटत." मग काही दिवसांनी म्हणाले, "मी केलीय सोय, आता त्यांना गाडी पळवता येणार नाही." मी विचारलंसुद्धा नाही काय सोय ते.

मिस्त्री : रिकामी गाडी, सपाट रस्ता. पूर्ण दाबायची वेळच येत नसेल, म्हणून अण्णांना कळलं नाही.

सून : आणि चढाला नेहमी हे स्वतः बसायचे, तेव्हा ठोकळा काढून ठेवत असतील. त्या दिवशी अण्णा हटून बसले, मीच नेतो म्हणून. हे शेजारी बसायचे सोडून खाली उतरले. हमालाचं काम असतं ते, मागून उटी घेऊन चालायचं आणि गाडी थांबली की चाकाखाली सारायची. हमाल मला भेटून रडला होता. म्हणाला, मालकांनी माझ्या हातातली उटी ओढून घेतली, नाहीतर त्या चाकाखाली मी गेलो असतो; का घेतली तेच कळलं नाही. मलाही आजवर कळलं नव्हतं.

मिस्त्री : त्याला माहीत होतं, गाडी थांबणार.

सून : माहीत होतं. आणि तरी तोंड उघडलं नाही. "अण्णा, दोन मिनिटं थांबा, खाली एक ठोकळा आहे, काढतो." एवढं बोलायचं होतं! मला एवढा संताप येतोय ना त्यांचा, समोर असते तर... कुणावर काढू तो आता?

मिस्त्री : बसा वहिनी. पाणी देऊ?

सून : नको.

मिस्त्री : माझं ऐकाल? हे मी भट्टीत टाकतो. इंजिनाची ताकद वाढवली, म्हणून गाडी चढते. कुणी विचारलं तर हे खोटंही नाही. कुणाच्या नावाला बोट लागत नाही.

सून : आणि अण्णा त्या पायाचं ओझं घेऊन मरणार?

मिस्त्री : आणि सांगितलं तर? पाय शाबूत आहे म्हटल्यावर ते स्टिअरिंग सोडतील? त्या डोळ्यांनी, ह्या ताकदीच्या गाडीत? सोमवारी कुणाच्या तरी अंगावर घालतील.

सून : नुसता पाय शाबूत आहे एवढंच सांगून कसं चालेल? मग सगळंच सांगावं लागेल.

मिस्त्री : की पोरानं बापाला न सांगता लगाम घातला आणि त्याच लगामानं... वहिनी, ऐंशीच्या घरातला माणूस आहे. काय राहील त्याच्याजवळ?

सून : मला नाही माहीत. खरंच नाही माहीत.

अण्णा : (परत येत) कसली खलबतं चाललीत? वाळला का जोड?

मिस्त्री : आलात का! वाळला, अण्णा. चहा घेतला?

अण्णा : घेतला. बाजूला हो, चढू दे मला केबिनमध्ये. हात नको. डाव्या पायानं चढतो मी. हं. चावी?

मिस्त्री : तिथंच आहे. आधी जरा हळू हं. ताकद वाढलीय.

अण्णा : मला शिकवतोस? ... वा. ऐकतेस का गं? टोकाचे दोघं बोलायला लागले. इतकी वर्षं कुजबुजत होते.

सून : ऐकतेय, अण्णा.

अण्णा : आता बघू, माझा पाय कुठवर... मिस्त्री.

मिस्त्री : काय, अण्णा?

अण्णा : गेला. पार खाली टेकला.

मिस्त्री : ते... मी स्प्रिंग बदलली. हलकी टाकली, तुमच्यासाठी.

अण्णा : स्प्रिंग जुनीच आहे. तिची कुरकुर मी झोपेतही ओळखेन. बघ, परत गेला. परत. जोर लावायलाही नको. खालून काय काढलंस तू?

मिस्त्री : काही नाही, थोडी साफसफाई...

अण्णा : तुला नाही विचारत आता. सूनबाई, तू इकडे बघ. काय काढलं ह्यानं?

सून : लाकडाचा ठोकळा, अण्णा. पेडलखाली बांधलेला. त्यामुळे तुमचा पाय जात नव्हता. पायाला काहीही झालेलं नाही. त्या दिवशीही झालेलं नव्हतं.

अण्णा : कुणी बांधला?

सून : ह्यांनी.

अण्णा : कधी?

सून : हातगाडी उडवलीत त्यानंतर. ती तुम्हाला दिसली नव्हती, अण्णा. तुम्ही मान्य करा नाहीतर करू नका. तुमचा वेग कमी व्हावा म्हणून त्यांनी बांधला. चढाचा विचार केला नव्हता, चढाला तेच बसायचे ना.

अण्णा : त्या दिवशी उटी घेऊन तो उतरला.

सून : हो.

अण्णा : मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, मालकानं हमालाचं काम करायचं का, लोक हसतील. तर म्हणाला, "पाय मोकळे होतील जरा."

मिस्त्री : अण्णा, इंजिन बंद करू का?

अण्णा : राहू दे. एवढा भीत होता तो मला?

सून : भीत नव्हते हो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...

अण्णा : खरं सांग.

सून : भीत होते.

अण्णा : आणि धीर करून सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं?

सून : नाही, अण्णा. नसतं ऐकलं तुम्ही.

अण्णा : नसतंच ऐकलं. मिस्त्री, आता कर बंद. काम चांगलं केलंयस. दोन्ही कार्बोरेटर कसे जुळवायचे ते हिला नीट दाखवून ठेव, सोमवारच्या आत.

सून : अण्णा...

अण्णा : हात दे गं. उतरतो मी.