बूच काढा, कुरामोचीसान!

हॅलो?… कोण, चिझुरू? बोल गं… हो, गेलीय वीज. बर्फानं तारा तुटल्या, सकाळपासून सगळं गाव बंद… नाही नाही, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन चालू आहे! ऐक, घुरघुर येतेय ना?… कशावर म्हणजे? परसातल्या इंधनघटावर! गॅसपासून वीज करतो, त्याच उष्णतेवर पाणी तापवतो… हो, तोच. 'म्हातारपणी कसलं हे खूळ,' म्हणाली होतीस ना? असू दे, मी काही बोलत नाही.

अगं, ऐक ना… ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, पण तो दोनच तासांचा. रस्ते बंद, कोण येणार?… घाबरू नकोस, मी आहे ना इथे! एकच मेख आहे. गरम पाण्याची टाकी भरली की घट थांबतो, आणि एकदा थांबला की वीज आल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही… म्हणून तर अख्ख्या गल्लीला आंघोळीला बोलावलंय!… हसतेस काय? पाच जणांच्या झाल्यासुद्धा.

थांब हं, शेजारच्या ओतानीबाई टाकी बघताहेत… काय म्हणता ओतानीबाई? टाकी भरत आली? अहो, असं कसं?… अगं बाई! चिझुरू, या समोरच्या घरातल्या कुरामोचीसाननी पाणी गार होऊ नये म्हणून टबावर झाकण घालून ठेवलंय! पाचही जण त्याच पाण्यात बसून आले!… हो गं, एरवी आपणही बाहेर अंग धुऊन एकाच पाण्यात बसतो, पण आज टाकी रिकामी व्हायला नको?… अहो कुरामोचीसान, सोडा ते पाणी, नवं भरा!… ऐकत नाहीत गं. इतकं ऊन पाणी फुकट घालवायला हात धजत नाही म्हणतात.

हां?… अहो, तुम्ही कशाला उठलात? ऑक्सिजनची नळी ओढली जाईल!… चिझुरू, बाबा न्हाणीघराच्या दारात उभे आहेत. नळी जेमतेम तिथवर पुरतेय… हो, तेच बाबा! चाळीस वर्षं टबातल्या पाण्यात कपडे धुवायला लावले मला, थेंब सांडू दिला नाही… आता ओरडताहेत, 'बूच काढ कुरामोची, नाहीतर मीच काढतो!'

…काढलं! ऐक, ऐक, कसं घळघळतंय… नळ पूर्ण सोडलाय. टाकी उतरतेय, ओतानीबाई?… उतरतेय गं, उतरतेय! घट चालू आहे… मी कुठे रडतेय? वाफ आहे ती… बरं, ठेव आता. सहावा नंबर माझा, आणि तुझे बाबा बाहेरून सारखे ओरडताहेत, 'आणखी पाणी घे, आणखी घे!'