बाईंच्या अक्षराएवढं

येसाजी : तुझं बारसं झालं ना, त्याच साली. पाळण्याला दोरी आणायला मी भिसेगावात गेलेलो. तिथल्या शाळेच्या बाई सायकलवरनं उतरल्या नि म्हणाल्या, नातीचं नाव काय ठेवलंत? मी सांगितलं, ऋतिका. तर म्हणाल्या, लिहून दाखवा.

ऋतिका : म्हणजे दोन हजार पाच. माहीत आहे आबा, माझ्या नावापासून तुम्ही शिकायला लागलात. आता फोन सोडा हातातला. धरूनच बसलात तर मी बघू कशी?

येसाजी : देतो गं. पण हसायचं नाय.

ऋतिका : नाही हसत. काय करायचंय सांगा.

येसाजी : अक्षर मोठं कर. बाहेरचं नाय, ते फोनच्या दुकानातल्या मनोजनं करून दिलंय. आतलं. त्या बातम्यांच्या पानावरचं.

ऋतिका : ब्राउझरमधलं. थांबा... अरे देवा! आबा, हे काय आहे?

येसाजी : ते आपोआप येतं.

ऋतिका : 'आठवड्यात पोट कमी करा.' 'तुम्हाला गाडी बक्षीस लागली आहे.' 'प्रिया तुमच्या जवळच आहे, तिच्याशी बोला.'

चंद्राबाई : कोण गं ही प्रिया?

येसाजी : तू तुझे वाल सोल.

चंद्राबाई : सोलतेय की. हात गुंतलेत, कान मोकळंच हायत. जवळ म्हंजे कुठं? भिवपुरी स्टेशनावर?

ऋतिका : आजी, जाहिरात आहे ती. अशी कोणी बाई नसते.

चंद्राबाई : नसंल तर बरं. परवा तुझा मामा बसलेला इथं, चहा पीत. ह्यांचा फोन वाजला नि वर चित्र काय, तर उघडी बाई! तुझा मामा भिंतीकडं बघत बसला. हे फोन घेऊन उशीवरच बसले.

येसाजी : मग काय करू? बंदच होत नव्हतं ते.

ऋतिका : आबा, हे सगळं तुम्हीच चालू केलंय. नवीन पान उघडलं की ते विचारतं, सूचना पाठवू का? तुम्ही सगळ्यांना हो म्हटलंय.

येसाजी : तिथं लिवलेलं असतं, 'परवानगी द्या'.

ऋतिका : आणि त्याच्या बाजूला दुसरं बटण असतं. 'ब्लॉक करा'.

येसाजी : तेपण वाचलं मी. पण बरं दिसतं का ते? दारात कोणी येऊन विचारतोय, येऊ का, नि आपण तोंडावर म्हणायचं, नको? आणि खरं सांगू? साजगावच्या कंपनीत उभा जन्म मी परवानगी मागण्यात घालवला. लघवीला जायचं, माग परवानगी. पोर आजारी, माग परवानगी. माझ्याकडं कधी कोणी मागितली नाय. इथं रोज मागतात. मला बरं वाटायचं गं.

चंद्राबाई : वाटायचं ना? घ्या आता. अख्खा बाजार घरात येऊन बसलाय.

ऋतिका : काढू एकेकाला. हे वर तीन टिंब दिसतायत, एकाखाली एक? ते दाबा. आता 'सेटिंग्ज'. खाली या, 'सूचना'. बघा, सगळे रांगेत बसलेत.

येसाजी : एवढ्यांना मी हो म्हणलं?

ऋतिका : एवढ्यांना. आता नको म्हणा. बोट लावायचं नि बंद करायचं. तुम्हीच करा.

येसाजी : त्यांना कळंल, मी घालवलं ते?

ऋतिका : नाही कळत. तिथं माणूस नसतो, आबा.

येसाजी : मग विचारतं कोण?

ऋतिका : ...कोणीच नाही.

येसाजी : हं. मग जाऊ दे. हा गेला. हीपण जा बाई.

चंद्राबाई : प्रियाला शेवटी ठेवलं बघ.

ऋतिका : आजी! झालं. आता मध्येच उड्या मारणाऱ्या जाहिरातीही बंद केल्या. कुठलं पान वाचायचंय?

येसाजी : बाईंचं.

ऋतिका : कुठलं बाईंचं?

येसाजी : त्या गेल्याचं.

ऋतिका : आबा, ते कशाला परत? झालं ते झालं.

येसाजी : उद्या तेरावं हाय त्यांचं.

चंद्राबाई : आणि हे जायचं नाय म्हणतात. मी सकाळधरनं सांगतेय. वीस वरसं ज्या बाईचं नाव घेतलं, तिच्या तेराव्याला नाय? लोक काय म्हणतील?

येसाजी : लोक म्हणालेत काय म्हणायचं ते. न्हाव्याच्या दुकानात बुधाजी म्हणाला. माझ्या अर्ध्या तोंडाला साबण, नि हा सगळ्यांसमोर विचारतो, काय येसाजी, मेलेल्या माणसाचं अभिनंदन करतोस होय? तवा मला कळलं, बाई गेल्या म्हणून. मयत तर आदल्या दिवशीच झालेली. मी अर्धी दाढी ठेवून घरी आलो.

चंद्राबाई : उरलेली अजून तशीच हाय, बघ.

ऋतिका : पण असं झालं कसं?

येसाजी : सदूनं गावाच्या ग्रुपवर ती बातमी टाकली. मी दाबली. पान उघडलं, नि वर ती गाडीची जाहिरात येऊन बसली. तिची फुली काय सापडंना. खालचं अक्षर मुंगीएवढं. दिसला तो बाईंचा फोटो. अंगावर शाल, हातात नारळ. शाळेनं सत्कार केला होता ना, तवाचा. 'शिक्षिका वनिता घारे' एवढं लागलं मला. मला वाटलं, परत सत्कार झाला. म्हणलं, गावात पयला शब्द आपला जाऊ दे. आणि मी ग्रुपवर खाली लिवलं...

ऋतिका : 'अभिनंदन बाई. अशाच पुढे जात राहा. आपला विद्यार्थी येसाजी.'

येसाजी : तुला पाठ हाय?

ऋतिका : वाचलं होतं.

येसाजी : एकपण अक्षर चुकलं नाय त्यात. बघितलंस ना? काना-मात्रा सगळं बरोबर. कधी नव्हं ते.

चंद्राबाई : अवो, मी काय म्हणते, आपल्या रुद्रनं केलं म्हणून सांगा. पयलीतलं पोर ते. त्याला कोण काय बोलणार?

येसाजी : खाली माझं नाव हाय.

चंद्राबाई : तेपण त्यानंच लिवलं म्हणा.

येसाजी : म्हंजे बाईंच्या घरात जाऊन मी सांगू, रुद्रला लिवता येतं नि मला वाचता येत नाय?

ऋतिका : आबा, खरं तेच सांगा ना. वर जाहिरात होती, अक्षर बारीक होतं, म्हणून वाचता आलं नाही. बाईंच्या हर्षलाताई समजून घेतील. त्यांनी खाली नुसते हात जोडलेत, वाईट काही लिहिलेलं नाही.

येसाजी : तेच तर. शिवी दिली असती तर मी गेलो असतो. तिची आई घरात पडलेली, नि माझं अभिनंदन वाचून तिनं हात जोडले. त्या पोरीसमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहू? आणि काय म्हणतेस, वाचता आलं नाय म्हणून सांगा? बाई भेटंल त्याला सांगायच्या, हा येसाजी, मोठ्या माणसांतला माझा पयला विद्यार्थी. कंपनीत अंगठा लावायचा, आता पेपर वाचतो. स्टेशनात सांगायच्या, बाजारात सांगायच्या. मला लाज वाटायची, पण त्यांना कोण अडवणार? आता त्यांच्याच तेराव्याला जाऊन मी सांगू, मला वाचता आलं नाय? माझी लाज गेली ती गेली. त्यांची पण घालवू?

ऋतिका : आबा...

येसाजी : तू अक्षर मोठं कर. मला एकदा नीट वाचू दे, काय लिवलंय ते. मग बघू.

ऋतिका : आबा, मी त्या दिवशी तुमचं लिहिलेलं लगेच बघितलं होतं.

येसाजी : लगेच म्हंजे?

ऋतिका : तुम्ही टाकलंत, तेव्हाच. तुम्हाला फोन केला असता तर पुसता आलं असतं. आता नाही पुसता येत, वेळ निघून गेली. तेव्हा आलं असतं. कॅन्टीनमध्ये होते. मैत्रिणी माझ्या फोनमध्ये बघत होत्या. सगळ्या हसल्या. एकीनं विचारलं, कोण गं हा येसाजी?

चंद्राबाई : मग?

ऋतिका : मी म्हटलं, असेल कोणीतरी गावातलं.

(चंद्राबाईचे हात थांबतात.)

येसाजी : बरोबर हाय. गावातलाच हाय मी.

ऋतिका : असं नका ना बोलू. गणपतीत तुम्ही मला म्हणाला होतात, आतलं अक्षर मोठं करून दे. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी परत म्हणालात. मी चिडले तुमच्यावर.

येसाजी : चिडली नव्हतीस. घाईत होतीस.

ऋतिका : चिडले होते. आणि एवढंसंच काम होतं हो. आता करतेय ना, तेवढंसंच.

चंद्राबाई : डोळं पूस. फोनवर पाणी पडंल.

येसाजी : हसू नको म्हणलं होतं मी. रडू नको म्हणायचं राहिलं. चल, पुढं दाखव. टिंबं दाबली. सेटिंग. मग?

ऋतिका : मग खाली, अजून खाली... हं, हे. ही आडवी रेघ दिसतेय? तिच्यावरचा गोळा बोटानं उजवीकडं न्यायचा. वरचं अक्षर बघत बघत.

येसाजी : अजून?

ऋतिका : तुम्हाला दिसेल तिथपर्यंत.

येसाजी : बाई शाळेच्या भिंतीवर गेरूनं काढायच्या. वीतभर अक्षर. माझ्यासाठी तर 'ऋ' असा काढला, की खिडकीपासनं दारापर्यंत. सहदेव गुरुजी ओरडले, भिंत खराब केली म्हणून. बाई म्हणाल्या, भिंत धुता येते.

ऋतिका : बास ना आबा? आता एका ओळीत दोनच शब्द मावतायत.

येसाजी : मावू दे. मला एका वेळी दोनच लागतात.

ऋतिका : आणि हे बटण दाबलं की आजूबाजूचं सगळं जातं. नुसती बातमी राहते. बघा.

येसाजी : हो गं. सगळं मोकळं झालं. भिंतीसारखं.

चंद्राबाई : आणि उद्याचं?

येसाजी : कितीची गाडी हाय?

ऋतिका : मी येते तुमच्याबरोबर. कोणी विचारलं, हे कोण, तर मी सांगेन.

येसाजी : तू नुसती बाजूला उभी राहा. सांगणार मी. हर्षलाला म्हणीन, पोरी, तुझ्या आईनं शिकवलं होतं बरोबर, मीच न वाचता लिवलं. दोष तुझ्या आईकडं नाय. एवढं बोलून खाली बसीन. मग तिनं हाकलला तरी चालंल.

चंद्राबाई : ती कशाला हाकलतेय? आधी ती उरलेली दाढी करा. आणि ते वाचा की आता. मोठ्यानं वाचा, मला कुठं येतंय?

येसाजी : वाचतो. चष्मा दे. 'सेवानिवृत्त... शिक्षिका... वनिता सहदेव...'

चंद्राबाई : थांबू नका मधी.

येसाजी : थांबत नाय. दमानं घेतोय. परत पयल्यापासनं वाचतो. 'सेवानिवृत्त शिक्षिका वनिता सहदेव घारे, राहणार भिसेगाव, यांचे सोमवार, दिनांक १० नोव्हेंबर २०२५ रोजी पहाटे राहत्या घरी निधन झाले.'