ओसरीवरची रेल्वे

...आणि वर लोक मलाच विचारतात, अण्णा, या वयात हे खेळ सुचले कसे? अहो, माणसाला व्याही असला की सगळं सुचतं! जन्मभर सांगलीत कारकुनी केली, पेन्शन घेतली, ओसरीवर पुस्तक घेऊन पडलो होतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात... पण लेक दिली लोणंदला, आणि तिचे सासरे तात्याबा निघाले रेल्वेतले गार्ड. म्हणजे रिटायर झालेले. पण गार्ड रिटायर होतो तो पगारापुरता, हे मला मागाहून कळलं. त्यांच्याकडे जेवायला बसलो की पहिल्या घासालाच सुरू. "आवं पाव्हणं, सांगलीला कसली रेल्वे? मिरजेवरनं एक फाटा काढलाय तुमास्नी, दया म्हणून. आमच्याकडं घाट हाय, बोगदा हाय. तुमच्याकडं काय हाय?" दर खेपेला हेच! आणि लेकीच्या सासरी बापाने बोलायचं काय? आमटीत बघत बसायचं. पण यंदा, तुम्हाला सांगतो, तोंडातून निघून गेलं. म्हटलं, दिवाळीला या, माझ्या ओसरीवर रेल्वे दाखवतो, घाटासकट, बोगद्यासकट. एकदा या माणसाची बोलती बंद करायचीच!

आता ही हिंमत आली कुठून? आमचा मुलगा पलटणीत. लढाई संपल्यावर इटलीहून येताना त्याने माझ्यासाठी चावीची आगगाडी आणली होती. इंजिन, दोन-तीन डबे आणि एवढासा गोल रूळ, ताटाभोवती मावेल इतका. पण ताटाभोवती फिरणारी गाडी गार्डाला दाखवायची म्हणजे आपणच हसं करून घेणं. तेव्हा रूळ वाढवायला हवेत, नदी हवी, घाट हवा... आणि मी मित्रांना बोलावलं. इथे चुकलं. पण मदतीला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा!

पहिला आला कुतुबुद्दीन, पत्र्याचे डबे-कंदील करणारा. हात असा की रॉकेलचे डबे कापून त्याने ओसरीभर रूळ अंथरले, इटलीवाल्याने बघत बसावं. मग म्हणाला, सिग्नल पाहिजे. म्हटलं, कर. तर त्याने केलेला सिग्नल माझ्या कमरेला लागला. गाडी वितीची, सिग्नल कमरेएवढा! मी म्हटलं, कुतुबुद्दीन, अरे जरा... तर म्हणतो, "अण्णा, सिग्नल लांबनं दिसाया पायजे का नको? डायवर म्हातारा असला म्हंजे?" डायवर पत्र्यावर रंगवलेला; त्याचं वय काय विचारणार? पण मदतीला आलेल्या माणसाला...

दुसरा नाथाजी, गुळाचा अडत्या. घाट मी मातीचा करणार होतो, पोरं दिवाळीत किल्ला करतात तसा. नाथाजी म्हणाला, "माती ढासळती रं. बोगदा बसला तर व्याही हसंल. गुळाच्या ढेपा रचू. गूळ कसा, धरून ऱ्हातो." आणि खरंच, हमालाच्या डोक्यावरून ढेपा आल्या की हो! रचल्या, मधून विळ्याने बोगदा कोरला, त्यातला निम्मा कोरणाऱ्यांच्या पोटात गेला ते जाऊ द्या, वरून गोणपाट टाकलं, त्यावर माती लिंपली. कृष्णा नदीला हिची परात घेतली, तिच्यावर पत्र्याचा पूल टाकला. ही म्हणाली, पीठ कशात मळू? म्हटलं, नदी आटल्यावर बघू. आम्ही तिघे म्हातारे ओसरीवर पालथे पडून तोंडाने झुकझुक करतोय, पेठेतली माणसं हातातली कामं टाकून दारात उभी... अहो, नाचावंसं वाटत होतं!

आणि किल्ला म्हटला की अळीव पेरणं आलंच. बोडक्या डोंगराला घाट कोण म्हणेल? नाथाजीने मुठीमुठीने पेरले. पेरले तर पाणी घालायला नको? सकाळी त्याने घातलं, दुपारी कुतुबुद्दीनने, संध्याकाळी मी. डोंगर असा हिरवागार झाला... आणि खाली गूळ आहे हे कुणाच्या म्हणजे कुणाच्या डोक्यात नाही! ज्याने जन्मभर पावसाळ्यात ढेपेला थेंब लागू दिला नाही तोच माणूस तांब्या घेऊन तिला अंघोळ घालतोय! मुंगळे लागले. नाथाजी म्हणाला, "असू देत, पॅशिंजर हायती." आता मदतीला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

भाऊबीजेला लेक-जावई आले, आणि मागून तात्याबा. काळा कोट, गळ्यात शिट्टी, बगलेत हिरवं आणि लाल निशाण! चहा नको म्हणाले, आधी लाईन. वाकून वाकून रूळ तपासले, पूल तपासला, सिग्नलपाशी थबकले... "सिग्नल बरा हाय." कुतुबुद्दीन एवढा फुगला! मग शिट्टी झाली, हिरवं निशाण हललं, मी चावी दिलेलं इंजिन सोडलं आणि निघाली हो! परातीवरून खडखडत गेली, सिग्नलखालून गेली, वळण घेतलं, तात्याबांची मान डुलायला लागली, आणि या कानांनी ऐकलं मी, ते म्हणाले, "भले." तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली.

शिरली ती शिरली. आतून जरा वेळ कर्र... कर्र... मग तेही नाही. आम्ही सगळे पलीकडच्या तोंडाशी. तिथून गाडीऐवजी आली काकवी. सावकाश, मालगाडीसारखी, आणि मागोमाग मुंगळे.

झालं! आता हा माणूस मरेपर्यंत हसणार. पण तात्याबा हसले नाहीत. त्यांनी लाल निशाण बोगद्याच्या तोंडाशी रोवलं आणि शेजारी मांडी घातली. मी म्हटलं, सुरीने उकरून काढू का?

"हात लावायचा न्हाई. दुसरं इंजान यिऊन वढंल तवा निघंल. तवर गार्डानं गाडी सोडून हलायचं नसतं."

दुसरं इंजिन, म्हणजे इटलीहून! तसं सांगितलं तर म्हणाले, "यिऊ द्या की. मला कुठं घाई हाय?"

लेक-जावई लोणंदला गेले, तुळशीचं लग्न झालं, व्याही बोगद्यापाशीच. अंथरूण तिथं, जेवण तिथं, मी पुस्तक घेऊन ओसरीवर आलो तर मला निशाण दाखवतात! रेशनची साखर कधीच संपली, म्हणून त्यांच्या चहाला ही डोंगराच्या मागच्या अंगाने गूळ खरवडून घेते. त्यांना कळत नाही; किंवा कळतही असेल... मी तिला एवढंच सांगितलंय, चहा कितीही वेळा कर, पण गोड कर. असेच पीत राहिले तर शिमग्यापर्यंत गाडी दिसायला लागेल.