तिसाव्या किलोमीटरची पाटी

हॅलो? … कोण?

जेरोप. हं. बोल.

नाही, झोपले नव्हते. थंड पाण्याच्या बादलीत पाय घालून बसलेय. … रविवारी मॅरेथॉन पळाले ना, म्हणून. तूही होतीस. पुढेच होतीस.

'तेकला, तेकला' काय करतेस? चिडले नाही मी. … अगं ऐक ना, चिडलेलं माणूस असं बोलतं का? तुझी गादी अंगणात टाकलीय, एवढंच. ऊन देतेय. … नाही, आज आत नाही घेता येणार. तिच्यावर कोंबडी अंडी उबवत बसलीय.

काय? … पाटी दिसली नाही?

जेरोप, तिसाव्या किलोमीटरची पाटी ती. तिच्या सावलीत दोन गायी बसल्या होत्या. आणि तुझ्या छातीवर 'पेसर' लिहिलेलं. तीस किलोमीटर वेग धरून द्यायचा आणि बाजूला व्हायचं, आपलं ठरलेलं आहे की नाही? आपल्या घरातल्या एडनासाठी मी बाजूला झाले. एल्डोरेटच्या शर्यतीत तुझ्यासाठी झाले. माझी पाळी आली आणि तुझे डोळे गेले?

… पायांना कळलं नाही. बरं. पायांना सांगायचं कुणी, मी?

… हो, हो, मीच म्हणायचे. 'आपल्यापेक्षा वेगवान बायकांत राहा, वेग आपोआप येतो.' म्हणून तर अख्खं इतेन गाव पालथं घालून तुम्हा तिघींना गोळा केलं. एक भांडकुदळ, एक घोरणारी आणि तू. घर मी शोधलं आणि स्वतःच्याच घरात चौथी आले. वर्षभर तुमच्या पाठी बघत पळाले. तुझ्या मानेवरचा तीळ तुझ्या आईपेक्षा मला जास्त ओळखीचा आहे.

… झाला ना फायदा. सहा मिनिटं कमी झाली. रविवारी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ दिली. त्या तिळाच्या मागे.

… आणि माझ्या आईनं आंबवलेलं ते गायीचं दूध? वाळक्या भोपळ्यात आठ दिवस मुरवून नैरोबीपर्यंत मांडीवर आणलं तिनं. माझ्यासाठी. … माहितीये, तिनंच तुला पाजलं. जिंकेल तिला पाजायचं, रीतच तशी, म्हणते. बसमध्ये मला विचारत होती, 'जिंकलेली पोरगी दमलेली दिसली, अजून एक भोपळा पाठवू का?'

… हं. … जर्मनीच्या शर्यतीला. हो, पहिलीलाच पाठवतात. दोन वर्षं त्याच एका तिकिटासाठी पळतेय मी, मला नको सांगूस.

… काय म्हणालीस? आवाज तुटला. … नाही, तुटला नव्हता. पुन्हा म्हण.

मी. तुझी पेसर. जर्मनीत.

… ऐकतेय. … हो, माझ्यासारखा एकसारखा वेग कुणाचा नाही. … हो, आणि विश्वासाची.

येते.

… येते म्हटलं ना. … तीस किलोमीटर, हो. … अगं, मी आजवर प्रत्येक वेळी पाटी बघून थांबलेय, तुझ्याइतकं कुणाला माहीत? … रडू नकोस. नाक पूस.

बरं, चल. … पळायला जातेय. … असू देत पाय सुजलेले. … नाही गं, तीसपर्यंतची सवय आहे. पुढचे बारा किलोमीटर तेवढे, समोर कुणाची पाठ नसताना पळून बघायचेत.

ठेवते.