मुलांच्या खोलीत एक मोठं माणूस

नाही नाही, बसा हो, ही आरामखुर्ची कुणाचीच नाही. पिशव्या आमच्याच आहेत, सरकवते मी. सगळे होडीतून मासे बघायला गेलेत — तळाला काच असते म्हणे, बसल्या जागी मासे दिसतात. मुलगा, सून, दोन्ही नातवंडं. मी? मी नाही गेले. मला होडीत मळमळतं. म्हणजे — मळमळतं की नाही ते कुणास ठाऊक, होडीत कधी बसलेच नाही मी. पण मळमळलं असतं तर? त्यांच्या मजेत बिब्बा कशाला घाला!

तुमच्याबरोबर कोण कोण आलंय? एकट्याच? अगदी एकट्या? अगबाई! ते योग, मालिश, सकाळचं ते हिरवं पाणी — त्यासाठी? आणि करमतं? …छान. छानच की. नाही हो, हसत नाहीये, कौतुक वाटतंय. स्वतःसाठी म्हणून कुणी एवढ्या लांब येतं, हेच मला — असो. मालिश आम्हालाही होती की, खोलीमागे एक फुकट. सून म्हणाली, "आई, तुमच्या खोलीची तुम्ही घ्या." मी म्हटलं, मला कशाला, तूच घे. तर घेतली तिनं. दोन्ही! वाईट नाही हं ती, मनानं चांगली आहे. नको म्हटलं की तिला नकोच वाटतं, एवढंच. आता तुम्हीच सांगा, पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का, हावरटासारखं? पहिलं नको आपलं नुसतं तोंडातून निघतं. आमचे हे होते ना — गेले ते, झाली काही वर्षं — मी नको म्हटलं की दाराशी जाऊन म्हणायचे, "पुरे नखरे, चल." आणि मी तयारच असायचे हो! वेणीफणी करून बसलेली!

पण सहल स्वस्तात पडली बरं का. मुलगा त्या बाबतीत पक्का आहे. मोठी कुटुंबाची खोली घ्यायची तर डोळे पांढरे होतात, त्या मानानं दोन साध्या खोल्या काहीच नाहीत. फक्त लहान मुलांना एकटं ठेवायचं नाही, हॉटेलचा नियम. मुलांच्या खोलीत एक मोठं माणूस लागतं. मग काय, आलेच मी. नाही, मला तसं नाही म्हणाला तो. मला म्हणाला, "आई, समुद्राची हवा आहे, तुझी तब्येत सुधारेल." मी अख्ख्या गल्लीला सांगून आले — मुलगा हवापालटाला नेतोय म्हणून! आणि मग एकदा भाजी निवडत बसले होते, तर हा हॉटेलवाल्यांशी फोनवर बोलतोय — "आईला घेतो की बरोबर, प्रश्नच मिटला." एवढंच कानावर पडलं. तोवर गल्लीत सांगून झालं होतं. आता सांगितलेलं परत कसं घेणार?

रडत नाहीये हो, वारा आहे, वाळू उडते. नातवंडं गोड आहेत. धाकटी माझ्या अंगावर पाय टाकून झोपते. आमच्या खिडकीतून तेवढा समुद्र दिसत नाही, मागची बाजू आहे, गाड्या लावतात तिथं. त्यांच्या खोलीतून दिसतो.

खरं सांगू? होडीकडे जाताना मुलगा म्हणाला, "येतेस का, आई?" मी म्हटलं, "नको रे, तुम्ही जा, मी सामान बघते." म्हटलं आणि चपला हातात घेऊन उभी राहिले, होडीत चढायला पाण्यात उतरावं लागतं म्हणून. तो म्हणाला, "बरं." झालं. एक जागा रिकामी होती हो होडीत, इथून दिसत होती मला. फार वाईट वाटलं.

काय? पाण्यात? मी? अहो, नको. गुडघे कुठे साथ देतात माझे! नाही, काठाकाठानंसुद्धा नको. शिवाय हे सामान — त्या टॉवेलवाल्याला बघायला सांगून? छे, परक्या माणसाला कशाला त्रास. तुम्ही जा. खरंच जा, माझं काही नाही…

उठलात? नाही, काही नाही. डोक्यावर काहीतरी घ्या, ऊन आहे. अहो — ऐकलंत का? मी —

नाही, काही नाही. जा.