खिळ्यांचे टायर

सुलेखा : पुन्हा सांग. सावकाश. आईंनाही ऐकू दे आपला मुलगा सकाळी साडेसहाला काय करत होता ते.

निशिकांत : त्यात न कळण्यासारखं काय आहे? खिळ्यांचे टायर नवे असले की आधी चाळीस किलोमीटर कोरड्या रस्त्यावर चालवायचे. त्याशिवाय खिळे रबरात घट्ट बसत नाहीत. सगळीकडे लिहिलेलं आहे.

सुलेखा : म्हणून तू क्वीन्सटाउनच्या पार्क कनेक्टरवर, लोक पळायला येतात त्या वाटेवर, बर्फाचे टायर चालवत होतास. सिंगापुरात.

निशिकांत : बर्फाचे नव्हेत, गोठलेल्या रस्त्याचे. भुसभुशीत बर्फाला रुंद टायर लागतो, खोल नक्षीचा. पाणी गोठून रस्त्याची काच झाली की खिळे लागतात. दोन्ही वेगळं आहे.

सुलेखा : एकतीस डिग्रीत.

निशिकांत : सकाळी सत्तावीस असतं.

सुलेखा : दहाव्या मजल्यावरची आंटी लिफ्टमध्ये मला म्हणाली, युअर हजबंड सायकल व्हेरी नॉइझी लाह, लाइक फ्रायिंग फिश. मी कुठे तोंड लपवू?

अरुणा : मलाही खालून तडतड ऐकू आली बाई. म्हटलं, एवढ्या सकाळी फोडणी कोण घालतंय.

निशिकांत : आई, तू कशाला मध्ये? आवाज येणारच. दोनशे चाळीस खिळे आहेत एका टायरला. आधी एकशे सहावाले घेणार होतो. पण त्यात मधे दोनच ओळी. वळताना सायकल झुकली की टायरची कड टेकते, आणि तिथे एकही खिळा नाही. ह्यात चार ओळी आहेत.

सुलेखा : आणि औलूत हे मिळत नाहीत? फिनलंडात, जिथे सहा महिने बर्फ असतं, शाळेतली पोरंसुद्धा सायकलवर जातात, तिथे टायरचं एक दुकान नाही? कोल्हापूरला निघालेल्या माणसानं पुण्यातून चपला घेऊन जावं, तसं झालं हे.

निशिकांत : नऊ जानेवारीला उतरायचं, बाराला कामावर हजर व्हायचं. ऐन थंडीत दुकानं शोधत फिरू?

सुलेखा : निशिकांत, बारा वर्षं तू कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातोयस. बस आपल्या ब्लॉकखाली येते. ब्लॉकखाली येते तरी तुझी चुकते. आणि तू वजा पंधरात सायकल मारत कामाला जाणार.

निशिकांत : वजा बावीसपर्यंत चालवतात लोक.

सुलेखा : लोक! इथे जानेवारीत पाऊस लागला, तेवीस डिग्री झालं, की तू कानटोपी घालून सोफ्यावर बसतोस. आणि म्हणे वजा बावीस.

निशिकांत : म्हणूनच तर अभ्यास करतोय. कर, टिंगल कर. प्रत्येक गोष्टीची टिंगल करायचीच असं ठरवून टाकलंयस तू.

अरुणा : का रे, तिथे संकष्टीला चंद्र दिसतो का?

निशिकांत : आई, डिसेंबरात सूर्यच चार तास दिसतो जेमतेम.

अरुणा : मग कठीण आहे.

सुलेखा : बरं, हे दुसरं खोकं कसलं?

निशिकांत : ते तुझं. आत्ता उघडणार नव्हतो खरं तर. पण असू दे, उघड.

(खोक्याची चिकटपट्टी फाटल्याचा आवाज.)

सुलेखा : हे काय आहे?

निशिकांत : टायर. सव्वीस इंची, थोडे रुंद. तुझं वजन कमी, वेग कमी, म्हणून एकशे साठ खिळे पुरतात. पण दोन्ही चाकांना घालायचेच. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस थेट खाली.

सुलेखा : हे कधी ठरवलंस?

निशिकांत : महिनाभर बसलोय ह्याच्यावर. तिथे तुझ्यासाठी सायकलसुद्धा बघून ठेवलीय. हँडल सरळ. गिअर चाकाच्या आत, म्हणजे गोठायची भानगड नाही. घरापासून लायब्ररी साडेतीन किलोमीटर. फिनिश भाषेचे वर्ग तिथेच असतात. रस्ता सगळा सपाट.

सुलेखा : अरे वा. म्हणजे मी तिथे काय करायचं तेही ठरलं.

निशिकांत : भाषा तर शिकावीच लागते सुरुवातीला.

सुलेखा : आणि टायरमध्ये हवा किती भरू?

निशिकांत : थोडी कमीच. रस्त्याला टायर जास्त टेकला पाहिजे.

सुलेखा : वळताना ब्रेक मारू ना?

निशिकांत : छे! वळायच्या आधी. वळताना हातसुद्धा लावायचा नाही ब्रेकला.

सुलेखा : आणि उतरताना कुठला पाय आधी?

निशिकांत : म्हणजे?

सुलेखा : सांग ना. महिनाभर अभ्यास केलायस. डावा की उजवा?

निशिकांत : हे काय विचारणं झालं? सवयीचा असेल तो.

अरुणा : निशी, पुरे कर. तिला सायकल येत नाही.

निशिकांत : कुणाला?

अरुणा : तुझ्या बायकोला.

निशिकांत : काहीतरीच काय. ईस्ट कोस्ट पार्कात आम्ही दोघांनी चांगली दोन तास…

सुलेखा : दोन सीटची होती ती, भाड्याची. मी मागे होते. पाय तेवढे फिरवत होते. हँडल तुझ्या हातात होतं.

निशिकांत : पण मग आधी कधी…

अरुणा : डोंबिवलीला आपण हिला बघायला गेलो, तेव्हा तूच विचारलं होतंस. सायकल येते का म्हणून. हिच्या मामांना ठसका लागला हसून हसून. ही नाही म्हणाली, तर म्हणालास, पुण्यात आल्यावर शिकवीन.

सुलेखा : पुण्यात चार महिने होतो. त्यात तुमची बदली जामनगरला झाली साहेब.

निशिकांत : मग सांगायचं ना मला! महिनाभर मी वेड्यासारखा तुलना करत बसलोय, तुझ्या उंचीला कुठलं चाक, तुझ्या वजनाला किती खिळे…

सुलेखा : विचारलंस कधी?

निशिकांत : टायरचं म्हटलं सरप्राइज देऊ.

सुलेखा : टायर गेले खड्ड्यात. औलूचं विचारतेय मी.

निशिकांत : त्याचं बोलणं झालंय आपलं. ऑगस्टमध्ये.

सुलेखा : बोलणं नाही झालं. मला कॅलेंडर इन्व्हाइट आलं. ‘फिनलंड शिफ्टिंग, फॅमिली’. नऊ जानेवारी, ऑल डे. मी अख्ख्या टीमला आकडे दाखवत होते, आणि मोठ्या स्क्रीनवर, सगळ्यांसमोर, हे वर आलं. माझं घर हलतंय हे मला माझ्या ज्युनिअरबरोबर कळलं.

निशिकांत : तू डिक्लाइन केलं नाहीस. टेंटेटिव्ह केलंस, ‘बघू’ म्हणून.

सुलेखा : आणि तू तो होकार धरलास.

निशिकांत : टेंटेटिव्ह केलेला माणूस येतोच शेवटी. आमच्याकडे तरी येतो.

सुलेखा : तुमच्याकडे! ऐकलंत आई? मी ह्याच्या मीटिंगला येणारी बाई. जामनगरला निघालो तेव्हा बँकेतली नोकरी सोडली मी. का, तर टाउनशिप छान आहे म्हणे. पाच वर्षं भिशी आणि रांगोळीच्या स्पर्धा. इथे आले तर नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला डिपेंडंट पास, दोन वर्षं नुसते अर्ज. आज अलेक्झांड्राच्या ऑफिसात बारा माणसं माझ्या हाताखाली आहेत. आणि हा मला हेल्मेट घालून बाराखडी गिरवायला पाठवतोय.

निशिकांत : तसं नाही गं ते.

सुलेखा : तसंच आहे. मला तुझा राग येत नाही आता, निशिकांत. तो जामनगरलाच येऊन गेला. आता कीव येते. रबरातले खिळे मोजतोस, आणि आपण ज्या बाईशी अठरा वर्षं संसार केला तिला सायकल येते की नाही हे तुला आईनं सांगावं लागतं.

अरुणा : मला कुणी विचाराल तर…

निशिकांत : आई, तुला कुणी विचारलेलं नाही.

अरुणा : ते ठाऊक आहे मला. तुझ्या वडलांनीही कधी विचारलं नाही.

निशिकांत : हे टायर परतही जात नाहीत आता. सेलमधले आहेत.

सुलेखा : बघा. अजून टायरच.

निशिकांत : मग काय बोलू? आमचं युनिट मार्चमध्ये बंद होतंय, तुला माहीत आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इथे मला कुणी दारात उभं करत नाही. चौदा ठिकाणी अर्ज केले. एकानं बोलावलं, त्याला हो म्हटलं. तुला विचारलं असतं आणि तू नको म्हणाली असतीस तर? घाबरलो होतो मी. टायरचं बोलत राहिलं की बरं वाटायचं. वाटायचं, चाललोय आपण दोघं.

सुलेखा : चौदा?

निशिकांत : चौदा.

सुलेखा : हे ऑगस्टमध्ये बोलला असतास तर मी ऐकलं असतं. कदाचित भांडले असते, पण ऐकलं असतं.

निशिकांत : आता विचारू?

सुलेखा : विचार.

निशिकांत : आईसमोर?

अरुणा : मी उठते हवं तर.

सुलेखा : बसा आई. तुम्ही ऐकायलाच हवं. विचार.

निशिकांत : सुलेखा, तू येशील का माझ्याबरोबर? औलूला?

सुलेखा : नाही.

निशिकांत : अजिबातच नाही?

सुलेखा : तू विचारलंस, मी सांगितलं. इतकं सोपं होतं ते.