सिनेरारियाची माती

नवरात्राच्या तोंडावर फुलांचा नाद कुणी करू नये बाबा, आणि घरात आई असेल तर मुळीच करू नये. मागल्या साली मी सिनेरारिया नावाच्या विलायती फुलाच्या बियांचं पाकीट मागवलं. बी म्हणजे नुसती तपकीर, शिंक आली की बाग गेली. त्यावर माती लोटायची नसते, म्हणून तीनदा चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरलं आणि ट्रे ओसरीत सावलीला ठेवला.

दोन दिवसांनी, घटस्थापनेला, कामावरून आलो तर ट्रे रिकामा!

"आई, ह्यातली माती कुठंय?"

"घटाखाली गहू पेरायला घेतली. शेतातल्या मातीचा चिखल झालाय. तुझी कशी रव्यावानी व्हती."

"अगं, त्यात बी पेरलं होतं!"

"कुठं? मला तर एक दाणा दिसला न्हाय."

"ते दिसत नसतं!"

"बी दिसंना, अन् म्हणं पेरलं!"

बसवलेला घट हलवायचा नसतो. मग काय, नऊ दिवस आरतीला हात जोडून मी गव्हाच्या बुडाशी डोकावत होतो. शेवटी चार हिरवे ठिपके दिसले! लई आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दसरा. आईनं गव्हाबरोबर सगळंच मुळासकट उपटलं आणि माझ्याच टोपीत खोवलं.

यंदा मी कानाला खडा लावला, पाकीटच आणलं न्हाय. तर काल आई विचारते, "आरं, माती कधी चाळतूस? घट बसायला आठ दिस राहिले."